सोलापूरकरांनो, या पावसाळ्यात माळावरचे औषध लिहून घ्या

मृगाचा पाऊस झाला की सोलापूरच्या माळावर जी हिरवळ उठते ती फार तर दिवाळीपर्यंत टिकते. आपल्याकडे वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, त्यातही मोठा वाटा सप्टेंबरचा. माळावरच्या बहुतेक औषधी वनस्पती याच दिवसांत फुलावर येतात, आणि फूल हाती नसेल तर वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकालाही झाडाची ओळख छातीठोकपणे सांगता येत नाही. कोणते मूळ कधी खणायचे, पाला ठेचून द्यायचा की उकळून, किती द्यायचा आणि कोणाला मुळीच द्यायचा नाही, हे सांगू शकणारी माणसे धनगरवाड्यांवर आहेत, तांड्यांवर आहेत, वैदूंच्या पालांवर आहेत, आपल्या स्वतःच्या घरांतही आहेत. पण ती आता सत्तरी ओलांडलेली आहेत. त्यांची मुले-नातवंडे पुण्याला कंपनीत किंवा मुंबईला कामावर आहेत. विद्या घ्यायला घरात कोणी उरलेले नाही, आणि दर पावसाळ्याला जाणणारे काही जण कमी होतात.

म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचकाला ही तातडीची विनंती आहे. या चार महिन्यांत आपल्या गावातला, गल्लीतला, घरातला जाणकार गाठा. तो काय देतो, कशावर देतो, कसे देतो हे त्याच्या संमतीने, त्याच्या नावासह लिहून घ्या. त्या वनस्पतीचा फुलासकट नमुना जपा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतीशास्त्र विभागात पोचवा. पुढे त्याची कसोटी लावणे हे विद्यापीठाचे, वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि आयुर्वेद महाविद्यालयाचे काम, आणि ते त्यांनी करावे अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरायची आहे. कसोटी लागेपर्यंत मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करून कोणीही पाल्यावर विसंबू नये. ही दोन्ही मते एकाच माणसाची कशी, असे काहींना वाटेल. तेच समजावून सांगण्यासाठी हा लेख थोडा लांबला आहे.

बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. रक्ताच्या कर्करोगाची लहान मुले आज जगभर ज्या उपचाराने बरी होतात त्यात विनक्रिस्टीन हे औषध असते, आणि ते येते सदाफुलीतून. सोलापुरात सदाफुली नसलेली गल्ली शोधावी लागेल. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर पीत असत. 1952 मध्ये त्या पानांचे एक पाकीट कॅनडातल्या नोबल बंधूंकडे पोचले. रॉबर्ट नोबल यांनी रक्तातली साखर उतरते का हे पाहायला अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांच्यासह त्यांनी 1958 मध्ये विनब्लास्टिन वेगळे काढले. पाठोपाठ अमेरिकेत विनक्रिस्टीन हाती आले आणि 1963 मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. एक ग्रॅम विनब्लास्टिन मिळवायला सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात.

सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने चघळणारे कितीतरी मधुमेही आपल्या ओळखीत आहेत. त्यांच्या पोटात जाते ते मोजमाप नसलेले, पेशींवर मारा करणाऱ्या अनेक रसायनांचे मिश्रण. लोकांनी त्या झाडावर ठेवलेला विश्वास वाया गेला नाही, त्यातून लाखो मुले वाचली. पण त्यासाठी कोणीतरी पान प्रयोगशाळेत नेले, आणि उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले. मधुमेहाच्या बाबतीतही असेच आहे. सोलापुरातल्या असंख्य घरांत रोज जेवणानंतर घेतली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपाची वंशज आहे. मध्ययुगापासून तिकडचे लोक ते झुडूप वापरत. त्यातले गॅलेगीन साखर उतरवते, पण विषारीही आहे. गुरेमेंढ्या ते खाऊन दगावतात. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच धाटणीचे, पण सोसवणारे रेणू तयार केले. त्यांतला मेटफॉर्मिन 1957 मध्ये फ्रान्सचे डॉ. जाँ स्टर्न यांनी रुग्णांवर वापरून दाखवला.

या शोधांशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. नंदुरबारला 1925 मध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत गेले. मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि 1971 मध्ये यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल शोधले. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगासाठी डॉक्टर आज जे पॅक्लिटॅक्सेल लिहून देतात ते हेच टॅक्सॉल. कॅम्प्टोथेसिनचा पुढचा भाग मात्र कडू आहे. 1972 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना ते रसायन आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्यात सापडले, आणि परदेशातून मागणी सुरू झाली. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या रानांतून नरक्याची चोरटी तोड झाली, लाकडाने भरलेले ट्रक पकडले गेले. झाड कापून, चिपाट्या करून, पोत्यात भरून गेले. त्या रानाशेजारच्या गावांना यातून काय मिळाले? फार तर तोडीची मजुरी. नोंद नसलेली, मालकी न सांगितलेली वनस्पती अशीच जाते.

आता आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मरण करू. सोलापुरात 1910 मध्ये जन्मलेला हा मुलगा 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेला. ज्या देशासाठी त्यांनी जीव ओतला त्या देशाने पुढे पारंपरिक औषधाचा शोध कसा घ्यावा याचा धडा जगाला दिला. व्हिएतनामच्या युद्धात मलेरियाने सैनिक पटापट मरत होते, म्हणून 23 मे 1967 रोजी चीनने एक गुप्त प्रकल्प हाती घेतला. त्यातल्या तू यूयू या संशोधक बाईंनी आधी काय केले असेल तर जुने ग्रंथ चाळले, म्हाताऱ्या वैद्यांना गाठले आणि मिळालेले पाठ एका वहीत उतरवले. सुमारे 2000 पाठांमधून 640 निवडले. छिंगहाव नावाच्या वनस्पतीचा अर्क उंदरांवर एकदा चालायचा, एकदा नाही. तेव्हा त्यांना चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याची एक ओळ आठवली. मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला त्याने सांगितले होते. उकळायला सांगितलेच नव्हते. उष्णतेने गुण जात असावा हे बाईंनी ओळखले, कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला, आणि 4 ऑक्टोबर 1971 रोजी 191 क्रमांकाचा नमुना उंदरांच्या मलेरियावर शंभर टक्के लागू पडला. दुसऱ्या वर्षी रुग्णांना देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्या अर्कातून निघालेल्या आर्टेमिसिनीनने आफ्रिका-आशियात किती जीव वाचवले याची गणती नाही. 2015 मध्ये तू यूयूंना नोबेल मिळाले.

पाला पिळला होता की उकळला होता, एवढ्या एका तपशिलावर ते औषध उभे आहे. आपल्या वैदूला विचारताना आपण नेमके हेच तपशील सोडतो. 'अमुक झाड अमुक रोगावर चालते' एवढेच लिहून घेतो आणि उठतो. ओले की सुके, ताकात की दुधात, फुलावर येण्याआधी की नंतर, लोखंडी खलात की दगडावर, रुग्णाला काय खायला मनाई, किती दिवस द्यायचे आणि कधी थांबायचे, यांपैकी कोणती गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून सगळे लिहा. एखादी गोष्ट तुम्हाला अंधश्रद्धा वाटली तरी लिहा, फक्त ती तशी सांगितली गेली एवढीच नोंद करा, आपले मत वेगळ्या ओळीत.

लिहिण्यावर मी इतका भर का देतो? 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या उपयोगाचे पेटंट मिळाले होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक, गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी ते लढवले आणि 1997 मध्ये रद्द करून घेतले. आमच्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर हळद दाबतात, या साक्षीवर ते रद्द झाले नाही. तिथे छापील पुरावा लागत होता. जुने ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 1953 मध्ये आलेला निबंध धरून 32 संदर्भ दाखल करावे लागले. त्यानंतर 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह सुरू झाला. पण त्यात संस्कृत, अरबी, फार्सी, उर्दू, तमिळ ग्रंथांतले ज्ञान आहे. मंगळवेढ्याच्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या आजोबांना जे ठाऊक आहे ते कुठल्याच ग्रंथात नाही. ते आजोबा गेले की ते ज्ञानही जाते, आणि त्याआधी कोणी गोड बोलून काढून घेतले तर दाद मागायला आपल्या हातात कागद नसतो.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना तरवड दिसतो. पिवळ्याधमक फुलांचे झुडूप, चपट्या कागदी शेंगा. ओळखायची पक्की खूण पानाच्या देठाशी आहे: तिथे कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर उपपर्णे असतात, टाकळ्याला ती तशी नसतात. तरवडाच्या सालीने कातडी कमावत. शहराच्या पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू भगिनी बतुकम्माला हीच फुले रचतात आणि त्याला तंगेडू म्हणतात. अक्कलकोटकडे कन्नड घरांत त्याला आवरिके म्हणतात. फुलांचा चहा मधुमेहावर पिण्याची चाल दक्षिणेत जुनी आहे, आणि अलीकडे फुलांची पूड पाकिटातून विकली जाते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत साखर उतरल्याचे निबंधही आहेत. पण श्रीलंकेतल्या संशोधकांनी 1981 मध्ये तिथल्या तरवडात पायरोलिझिडिन अल्कलॉइड असल्याचे प्रसिद्ध केले. ही रसायने यकृताला घातक आहेत. आपल्या सोलापूरच्या तरवडात ती आहेत का? फुलात आहेत की पानात? उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती? हे तपासायला परदेशी जावे लागत नाही. रसायनशास्त्राचा एक विभाग, एक चांगला मार्गदर्शक आणि एक-दोन विद्यार्थी मनावर घेतील तर होण्यासारखे काम आहे. जे झुडूप इथले लोक रोज ओलांडून जातात त्याबद्दलचे एवढे उत्तर सोलापूरने द्यायला हवे.

काविळीच्या औषधाबद्दल जरा कठोर बोलणे भाग आहे. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या धाराशिव-लातूरकडे काविळीचे औषध देणाऱ्या माणसांपुढे ठरलेल्या वारी रांगा लागतात. कोणी पाल्याचा रस देतो, कोणी देवडांगरीच्या पाण्याचे थेंब नाकात टाकतो. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे काहीही दिले तरी गुण आल्यासारखा वाटतो, आणि ज्याचे यकृत खरेच निकामी होत असते किंवा ज्याच्या पित्तनलिकेत गाठ असते तो मोलाचे दिवस घालवून बसतो. याच रांगेत खरे औषधही दडलेले असू शकते, पण ते निवडायचे तर काहींना औषध आणि काहींना दिसायला तसेच पण निष्क्रिय असे देऊन पाहावे लागते. भुईआवळ्याचे तसे झाले. पावसाळ्यात शेताच्या बांधावर येणारे, पानांखाली ओळीने मोहरीएवढी फळे लागणारे हे इवलेसे रोप. मद्रासच्या डॉ. त्यागराजन यांनी 1988 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केले की हिपॅटायटिस बी बाळगणाऱ्यांपैकी ज्यांना भुईआवळा दिला त्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. निष्क्रिय पूड घेणाऱ्या 23 पैकी एकाचीच झाली. जगभर आशा वाटली. पण इतर ठिकाणच्या अभ्यासांत तसा गुण दिसला नाही. भुईआवळा या एका नावाखाली एकसारख्या दिसणाऱ्या कितीतरी जाती खपतात. कोणी कोणती वापरली, कुठून आणली, कधी तोडली, यावर वाद राहिला आणि प्रश्न अर्धवटच सुटला. नमुना जपून ठेवा असा धोशा मी लावतो तो यासाठी.

मुंबईने या कामाची वाट फार पूर्वी घालून दिली आहे. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब मोजत राहिले आणि 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यासाठी लागले ते रक्तदाब मोजायचे यंत्र, चिकाटी आणि नीट ठेवलेली वही. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत सर्पगंधेतून रेसरपीन वेगळे झाले आणि रक्तदाबाच्या उपचारांचे पर्व बदलले. त्याने काही रुग्णांना खिन्नता येते हेही पुढे कळले आणि त्याचा वापर ओसरला. तोही त्याच शास्त्राचा भाग. त्याच रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे आणि शल्यविशारद डॉ. रवी बापट यांनी अवरोधी काविळीच्या 30 रुग्णांवर गुळवेलीचा अभ्यास करून 1993 मध्ये प्रसिद्ध केला. गुळवेल दिलेल्यांत रक्तातला जंतुसंसर्ग कमी झाला आणि शस्त्रक्रियेनंतर अधिक जण जगले. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि डॉ. भूषण पटवर्धन, मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांच्या पुढाकाराने गुडघ्याच्या संधिवाताच्या 440 रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांच्या मिश्रणाने नेहमीच्या सेलेकॉक्सिबच्या तोडीचा आराम दिला, असा निष्कर्ष 2013 मध्ये छापून आला. काही रुग्णांत यकृताची एसजीपीटी वाढल्याचेही त्यांनी त्याच निबंधात लपवाछपवी न करता सांगितले.

ते वाक्य मला फार मोलाचे वाटते. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळला जात होता, आणि 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल छापला. आयुष मंत्रालयाने तो मानला नाही. रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती का, हा त्यांचा एक आक्षेप होता. पुन्हा तोच ओळखीचा प्रश्न! काष्ठौषधींच्या दुकानात अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल मिळते हे वैद्यांना नवे नाही. तुम्ही रोज घेता तो काढा, चूर्ण, पाला डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनीही ऐकून रागावू नये, केसपेपरवर लिहावे. रुग्ण रागाच्या भीतीने लपवतो आणि मग दुष्परिणामाचे मूळ सापडत नाही.

सोलापुरात या कामासाठी काय नाही? डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे आणि त्याला जोडलेल्या सिव्हिलमध्ये जिल्ह्याबरोबर शेजारच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे. वालचंद, दयानंद, संगमेश्वर यांसारखी जुनी महाविद्यालये आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ तर एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ म्हणूनच 2004 मध्ये निघाले. केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सगळे एका शहराच्या परिघात. यांनी एका टेबलाशी बसावे आणि सुरुवातीला एकच वनस्पती निवडावी.

मला विचाराल तर ती डाळिंब असावी. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, दाणे आणि रस जगभर जातात आणि साल उकिरड्यावर. त्याच सालीने आपल्या आज्या जुलाब थांबवत आल्या आहेत, दाडिमाष्टक चूर्ण वैद्य अजूनही देतात. मुळाच्या सालीने पोटातले पट्टकृमी पडतात हे युरोपीय डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात शिकले. 1878 मध्ये फ्रान्सच्या शार्ल तान्रे यांनी त्यातले पेलेटिएरीन वेगळे काढले आणि ते बरीच वर्षे दवाखान्यांत वापरले गेले. मात्रा थोडी चुकली की विषबाधा होई, म्हणून अधिक सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. फळाच्या सालीतली टॅनिने वेगळी आहेत आणि त्यांच्यावर जगभर काम चालू आहे. बागाईतदारांनो, फवारणीचा औषधांश सालीवर राहतो हे तुम्हाला कोणी सांगायला नको. अभ्यासासाठी थोडी झाडे विनाफवारणी राखून त्यांची साल केंद्राला द्यायला किती जण तयार होतील? सांगोला, पंढरपूर, मोहोळच्या बागांतून मूठभर शेतकरी पुढे आले तरी काम सुरू होईल.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. कायद्यात 2023 मध्ये दुरुस्त्या होऊन ग्रंथांत आलेल्या ज्ञानाच्या वापरावर लाभ वाटून घेण्याची अट सैल झाली. त्यामुळे ग्रंथांत नसलेल्या, लोकांच्या तोंडी असलेल्या ज्ञानाची नोंद आता आणखीच गरजेची झाली आहे. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही एखाद्या संस्थेकडून घाईने भरून घेतलेली आणि कपाटात ठेवलेली असते. आंबा, कडुलिंब, तुळस अशी पंचवीस नावे, पुढे काही नाही. गावातल्या सुईणीला, हाड बसवणाऱ्याला, गुरांचे औषध जाणणाऱ्या धनगराला कोणी विचारलेलेच नसते. ती नोंदवही पाहायला मागा. अपुरी असेल तर ग्रामसभेत पुरी करायला लावा. जाणकाराने एखादा पाठ गुप्त ठेवायला सांगितला तर तो गुप्तच ठेवा. त्याच्या हयातीत त्याच्या रोजीरोटीवर पाय देऊन विज्ञानाची सेवा होत नाही. आणि कृपा करून त्याचे फोटो-व्हिडिओ काढून मोबाईलवर फिरवू नका. तसे केले की ज्ञान त्याचे राहत नाही आणि औषध म्हणून कोणीही काहीही खाऊ लागतो.

नमुना ठेवणे अवघड नाही. फूल, फळ आणि दोन-चार पाने असलेली एक डहाळी घ्या, लहान रोप असेल तर मुळासकट. रद्दी वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर जड पुस्तके ठेवा आणि पावसाळी दमटपणात बुरशी धरू नये म्हणून पहिले आठ दिवस कागद रोज बदला. सोबत चिठ्ठी: गाव, जागा, तारीख, फुलाचा ओला असतानाचा रंग, स्थानिक नाव ज्या भाषेत सांगितले त्याच भाषेत, वापर, कृती आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने. दुर्मीळ दिसणारे झाड उपटू नका, एक फांदी पुरते. महाविद्यालयांनी अशा नमुन्यांसाठी एक खिडकी उघडावी, आणि जिथे शंका राहील तिथे पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्राला किंवा आघारकर संशोधन संस्थेला विचारावे. तिथे नमुन्यांचे जुने संग्रह आहेत आणि ओळख पटवणारी माणसे आहेत.

शिक्षकांनो, मुलांना प्रकल्प म्हणून गुगलवरून चित्रे चिकटवायला लावू नका. आजीला, आजोबांना विचारून एक पान लिहून आणायला सांगा. तांड्यावरचा मुलगा गोरमाटीत लिहील, पूर्व भागातली मुलगी तेलुगूत विचारून मराठीत लिहील, कोणी दखनीत. वर्गात चाळीस मुले म्हणजे चाळीस घरे. आणि ज्यांच्या गावाला माळ उरला आहे त्यांनी तो पडीक समजून मुरमासाठी खणू देऊ नये, नवे गवत येते या समजुतीने उन्हाळ्यात पेटवू नये. शतावरी, अश्वगंधा, गोखरू, उन्हाळी, घेटुळी, दगडी पाला हे सारे त्या पडीक म्हटल्या जाणाऱ्या जमिनीतच आहे.

येत्या ग्रामसभेत एक अर्ज द्या: आमच्या गावची लोक जैवविविधता नोंदवही दाखवावी आणि त्यात गावातल्या औषधी जाणकारांची नोंद याच पावसाळ्यात व्हावी. शहरात राहत असाल तर तोच अर्ज महापालिकेत द्या. आणि अर्ज देऊन परत येताना, ज्यांच्याकडे लहानपणी तुम्हाला औषधाला नेले होते त्या म्हातारबाबांच्या घरी वही-पेन घेऊन थोडा वेळ बसा.